हवा गेली की थांबायचं

घाटाच्या पायथ्याशी भरलेला ट्रक उभा असतो, मागचं एक चाक जाम, आणि खाली शिरलेल्या माणसाचे फक्त पाय दिसत असतात. येणारेजाणारे म्हणतात, ब्रेक फेल झाला वाटतं. खरं तर ब्रेक लागलाय, तो सुटत नाहीये! हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच गळक्या ब्रेक चेंबरवर आपल्याकडे भलते इलाज होतात, असं मला वाटतं.

मोठ्या ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. पेडल दाबलं की चेंबरमधल्या रबरी डायफ्रॅमवर हवेचा दाब येतो आणि ब्रेक लागतो. मागच्या चाकांना मात्र याच्या पाठीला चिकटून आणखी एक डबा असतो, त्यात एक दणकट स्प्रिंग. तिथे सगळा उलटा कारभार. हवा स्प्रिंगला दाबून धरते, आणि हवा गेली की स्प्रिंग सुटून चाक धरून ठेवते. ही बुद्धी तशी जुनी. जॉर्ज वेस्टिंगहाऊसने १८६९ मध्ये रेल्वेसाठी हवेचा ब्रेक काढला, पण त्यात पाइप तुटला की ब्रेकही गेला. १८७२ मध्ये त्याने गणितच फिरवलं: हवा गेली की गाडी थांबलीच पाहिजे.

आपण काय करतो? डब्याच्या मागून लांब बोल्ट घालून स्प्रिंग आवळता येते. ही सोय गाडी जवळच्या गॅरेजपर्यंत न्यायला ठेवलेली आहे. आपल्याकडे बोल्ट आवळला, गळक्या नळीला बूच मारलं, की झाली दुरुस्ती! मग महिनोन्महिने गाडी तशीच पळते.

मालकाचीही अडचण असते, नाही असं नाही. माल उशिरा पोचला तर भाडं कापलं जातं. पण बोल्ट आवळायला सांगणारा घरी असतो आणि घाट उतरणारा वेगळाच असतो, हे कसं विसरायचं?

मी दुरुस्तीच्या विरुद्ध नाही हो. पेडलच्या बाजूचा डायफ्रॅम फाटला असेल तर तो जरूर बदलावा, साबणाचं पाणी लावून फुगे येतात का ते बघावं, त्याच ऍक्सलवरचा दुसराही तपासावा. तो बदलताना आधी स्प्रिंग बांधून घ्यायला तोच बोल्ट लागतो, आणि तिथे तो बरोबरच आहे. पण गळती स्प्रिंगच्या डब्यात असेल तर अख्खा डबा नवा घ्यावा. ती स्प्रिंग जवळजवळ टनभर जोराने दाबलेली असते. झाकण उघडताना ती उडाली तर समोरचा माणूस वाचत नाही. म्हणून तर हल्लीचे बरेच डबे उघडताच येऊ नयेत असे कडा दुमडून बंद केलेले असतात. 'उघडू नका' असं वर लिहिलेलंही असतं, इंग्रजीत. आणि हातोडी-छिन्नी घेऊन बसलेलं पोर सातवीतून शाळा सोडलेलं. असो.

दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगा अशा बांधून टाकल्या की हँडब्रेक नावापुरता उरतो. मग चढावर थांबायचं तर क्लीनर उडी मारून चाकाला दगड लावतो. ट्रक निघून जातो, दगड तिथेच रस्त्यात राहतो, आणि रात्री मागून एखादा मोटारसायकलवाला येतो.