पहाऱ्याचे पैसे कोणी दिले?

विजेचे बिल घरात आले की आम्ही सगळे आधी तळाची रक्कम बघतो, मग एकमेकांकडे बघतो. पंखा कोणी चालू ठेवला यावरून दोन शब्द होतात आणि बिल खिळ्याला लटकते. ही वीज कोठून येते, तिच्यासाठी कोणाच्या दारात पोलीस बसले, हे त्या कागदावर कधी छापलेले नसते. म्हणून आज गुहागरची हकीकत पुन्हा सांगावीशी वाटते. आमच्या वयाच्या वाचकांना ‘एन्रॉन’ म्हटले की सारे आठवेल. घरातल्या तरुण मुलामुलींसाठी थोडे मागे जावे लागेल.

१९९२ साली अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीशी आपल्या राज्य वीज मंडळाचा प्राथमिक करार झाला. गुहागर तालुक्यात, वाशिष्ठीच्या मुखाशी, अंजनवेल-वेलदूरच्या परिसरात दाभोळ वीज प्रकल्प उभा राहायचा होता. १९९३ मध्ये वीजखरेदीचा करार झाला आणि त्यात अट अशी, की मंडळाने वीज घेतली नाही तरी ठरलेला आकार कंपनीला द्यायचाच. जागतिक बँकेने या प्रकल्पाला कर्ज नाकारले. १९९५ च्या निवडणुकीत तो अरबी समुद्रात बुडवण्याच्या घोषणा झाल्या, ऑगस्टमध्ये नव्या सरकारने करार रद्दही केला, आणि जानेवारी १९९६ मध्ये त्याच सरकारने तो पुन्हा मान्य केला. समुद्रात काय बुडाले ते वाचकांनीच ठरवावे.

गावकऱ्यांचे म्हणणे साधे होते. जमीन गेली, पाण्याचे काय, प्रकल्पाचे गरम पाणी खाडीत आले तर मासळीचे काय? खाडीवर जगणाऱ्या माणसाने हे विचारायचे नाही तर कोणी विचारायचे? उत्तर मात्र मिळाले ते पोलीस खात्याकडून.

येथे कायद्याची दोन-तीन कलमे समजून घेतली पाहिजेत. त्या वेळच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ आणि मुंबई पोलीस कायद्याचे कलम ३७ जमावबंदीसाठी, आणि कलम १५१ गुन्हा घडण्याआधीच अटक करण्यासाठी. ही कलमे गुहागरात पुन्हा पुन्हा वापरली गेली. आता विचार करा. गुन्हा घडण्याआधी माणूस उचलायचा असेल, तर तो कोण, कोठे जाणार, कोणाबरोबर जाणार, हे आधी कळावे लागते. नावाने बंदीहुकूम काढायचा तर नावाची यादी लागते. ती यादी आपोआप तयार होत नाही. कोणीतरी सभेच्या कडेला उभे राहते, कोणीतरी चहाच्या टपरीवर कान देऊन बसते. १९९७ मध्ये मेधा पाटकर आणि उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. जी. कोळसे-पाटील यांनाही बंदीहुकूम आणि अटकेला तोंड द्यावे लागले. जो माणूस काल न्यायासनावर बसत होता, त्याच्याही नावाचा कागद निघाला.

पाळत म्हणजे काय हे आमच्या वाचकांना नव्याने सांगायला नको. बाबासाहेबांच्या चळवळीवर राज्य सरकारने १९८२ साली जो साधनग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ब्रिटिश काळातल्या पोलिसांचे गुप्त अहवालही आहेत. सभेला किती लोक होते, कोण काय बोलले, सारे टिपून ठेवलेले. राज्य बदलले तरी टिपणारा हात तोच राहिला.

३ जून १९९७ ची पहाट मात्र नुसत्या टिपण्याची नव्हती. वेलदूर या कोळ्यांच्या गावात पोलीस पाचच्या सुमारास घराघरांत शिरले. आंदोलनात पुढे असलेल्या बायकांना मारहाण झाली, गाडीत कोंबून नेले. त्यांतली एक तीन महिन्यांची गरोदर होती. तिला न्हाणीघराचे दार फोडून बाहेर ओढले. तिला बिलगलेली दीड वर्षाची मुलगी लाथेने बाजूला केली गेली. त्याच साली अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने या दडपशाहीवर अहवाल काढला. जानेवारी १९९९ मध्ये ह्यूमन राइट्स वॉचचा सविस्तर अहवाल आला.

त्या दुसऱ्या अहवालातली एक गोष्ट आम्हाला लाठीपेक्षाही बोचते. प्रकल्पावरच्या राज्य राखीव पोलिसांचा खर्च कंपनी देत होती, आणि तसा करार सरकारशी झालेला होता. यात बेकायदा काही नव्हते असेही कोणी म्हणेल. मुंबई पोलीस कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे कोणीही अर्ज करून, खर्च भरून जादा पोलीस मागू शकतो. हुकूम मात्र पोलीस अधिकाऱ्यांचाच चालतो. कागदावर हे ठीक आहे. पण वेलदूरची बाई तक्रार घेऊन कोणाकडे जाणार? ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याच्याच पैशाने दारातला पहारेकरी उभा.

मोठ्या कारखान्याला संरक्षण नको काय, असे आमच्याच एका मित्राने विचारले. हवे. भिंतीच्या आत कंपनीने आपले रखवालदार ठेवावेत. गावच्या रस्त्यावरचा शिपाई हा गावाचाही असतो, एवढेच आमचे म्हणणे. घटनेच्या एकोणिसाव्या कलमाने शांतपणे, शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क दिला आहे. मातीची घमेली वाहणाऱ्या बाईलाही तो आहे. (जाता जाता: १९९७ पर्यंत दिल्लीत अमेरिकेचे राजदूत असलेले फ्रँक विस्नर त्याच वर्षी एन्रॉनच्या एका उपकंपनीच्या संचालक मंडळावर गेले.)

मे १९९९ मध्ये पहिल्या टप्प्याची वीज सुरू झाली. दोन वर्षांत, मे २००१ मध्ये, ती बंद पडली. तिचा दर वीज मंडळाला पेलवेना. डिसेंबरात अमेरिकेत एन्रॉनचे दिवाळे निघाले. २००५ साली सरकारी कंपन्यांनी पुढे होऊन प्रकल्प नव्या नावाने हाती घेतला. लोकांनी जे विचारले होते त्यातले निदान पैशाचे गणित तरी बरोबर निघाले. पण ‘तुमचे बरोबर होते’ असे सांगायला सरकारची गाडी वेलदूरला गेल्याचे आम्ही कधी ऐकले नाही.

एप्रिल २०२३ मध्ये त्याच जिल्ह्यात, राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती तपासणी सुरू झाली. पुन्हा जमावबंदी, पुन्हा नावानिशी बंदीहुकूम, पुन्हा गाड्या भरून पोलीस. उन्हाने तापलेल्या रस्त्यावर आडव्या झालेल्या होत्या त्या बायकाच.