अंगकोरचा राजा ‘आपला’ होता का?

अंगकोर वाटचा फोटो आणि खाली ‘आपल्या राजांनी कंबोडिया जिंकला तेव्हाचं देऊळ’. ही पोस्ट परवा मला तिसऱ्यांदा आली, तीही चांगल्या शिकलेल्या माणसाकडून. राग नाही आला, वाईट वाटलं. कारण ज्याचं हे कर्तृत्व, तोच माणूस यात गायब होतो.

तो माणूस म्हणजे दुसरा जयवर्मन. इ.स. ८०२ मध्ये त्याने कुलेन डोंगरावर, म्हणजे तेव्हाच्या महेंद्रपर्वतावर, स्वतःला चक्रवर्ती जाहीर केलं. ख्मेर साम्राज्याची सुरुवात इथून धरतात. अंगकोर वाट बांधणारा दुसरा सूर्यवर्मन त्याच्यानंतर तीनशे वर्षांनी आला. नाव संस्कृत, विधी शैव, सगळं खरं. पण माणूस ख्मेर होता हो! त्याला गादीवर बसवायला भारतातून कोणी सैन्य पाठवलं नव्हतं.

आणि हा विधी होता कशासाठी? स्डोक कोक थोमच्या शिलालेखात सरळ लिहिलंय: कंबुजदेश जावाच्या अधीन राहू नये आणि देशात एकच चक्रवर्ती असावा. त्यासाठी हिरण्यदाम नावाच्या ब्राह्मणाकडून विधी करवून घेतला. (‘जावा’ म्हणजे आजचं इंडोनेशियातलं बेट की दुसरंच काही, यावर अभ्यासक अजून भांडतायत.) म्हणजे बाहेरून आलेली विद्या त्याने बाहेरच्यांचं वर्चस्व झुगारायला वापरली. याला मांडलिकपणा म्हणायचं की हुशारी?

आता त्या लेखाचंही ऐका. तो कोरला गेला १०५२ च्या सुमारास, म्हणजे अडीचशे वर्षांनी. कोरून घेणारं घराणं कोणतं? ज्या शिवकैवल्याला या विधीचं पौरोहित्य वंशपरंपरेने मिळालं, त्याचंच! घराण्याला राजांकडून मिळालेल्या गावांची, जमिनींची जंत्रीही त्यात आहे. जयवर्मनच्या स्वतःच्या काळातला या सोहळ्याचा लेख हाती नाही. त्यामुळे पुरोहितांचा मोठेपणा त्यात जरा जास्तच आला असेल, तर नवल नाही. आपण मात्र नेमका तेवढाच उचलतो.

२०१२ मध्ये हेलिकॉप्टरमधून लेझरने पाहणी झाली, तेव्हा कुलेनच्या जंगलाखाली आखीव रस्ते आणि पाण्याचे बांध दिसले. एक अख्खं शहर. ते ख्मेर माणसांनी वसवलेलं आहे.

फोटो जरूर फॉरवर्ड करा. खालची ओळ तेवढी बदला.