एका मताची राखण

गडचिरोलीतील मतदान राज्याच्या इतर भागांतील मतदानासारखे नसते. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या मतदारसंघांत मतदानाची वेळ सकाळी ७ ते दुपारी ३ एवढीच होती, कारण दिवस मावळण्यापूर्वी मतदान पथके आणि यंत्रे सुरक्षित स्थळी पोहोचवावी लागतात. दुर्गम केंद्रांवर जाण्यासाठी हेलिकॉप्टरचा आधार घ्यावा लागतो, आणि अनेक पाड्यांवरचा मतदार रानवाट तुडवीत केंद्रापर्यंत येतो. नक्षलवाद्यांनी वर्षानुवर्षे बहिष्काराची फर्माने काढली. तरीही २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत गडचिरोली-चिमूर मतदारसंघात ७१ टक्क्यांहून अधिक मतदान झाले. बंदुकीच्या धाकाला वनवासी समाजाने दिलेले हे शांत उत्तर होते.

मत दिले की मतदाराचे कर्तव्य पूर्ण होते. व्यवस्थेचे कर्तव्य मात्र तेथून सुरू होते. ते मत सुरक्षित राहिले पाहिजे, अचूक मोजले गेले पाहिजे आणि मोजणीविषयी शंका उत्पन्न झाल्यास तिचे निरसन वेळेत झाले पाहिजे. पहिल्या दोन बाबतीत देशाने मोठी मजल मारली आहे. तिसऱ्या बाबतीत मात्र अद्याप पुष्कळ वाट चालायची आहे, आणि अटीतटीच्या निवडणुकांनी ही उणीव वारंवार उघडी पाडली आहे.

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांना याचा एक निराळा अनुभव २०२५ च्या डिसेंबरमध्ये आला. नगर परिषदा आणि नगर पंचायतींसाठी २ डिसेंबरला मतदान झाले. मूल, वरोरा, राजुरा, देसाईगंज येथील उमेदवार दुसऱ्या दिवशीच्या मतमोजणीची तयारी करीत होते. परंतु न्यायालयीन अपिलांमुळे राज्यातील काही ठिकाणचे मतदान २० डिसेंबरपर्यंत पुढे गेले होते. आधी लागलेल्या निकालांचा प्रभाव उरलेल्या मतदारांवर पडू नये, म्हणून सर्वच ठिकाणची मतमोजणी २१ डिसेंबरला करावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दिला. सर्वोच्च न्यायालयानेही त्यात बदल केला नाही. परिणामी १९ दिवस यंत्रे सुरक्षा कक्षात राहिली. बाहेर पोलिसांचा पहारा होता, आणि पोलिसांच्या पहाऱ्यावर पक्षकार्यकर्त्यांचा पहारा होता. आदेशाचा हेतू रास्त होता. पण निकाल लांबला की संशयाला पाय फुटतात, हेही त्या दिवसांत दिसले.

विजयाचे अंतर मोठे असेल तर असा संशय निकालाबरोबर विरून जातो. अंतर थोडे असेल तर तो पाच वर्षे धुमसत राहतो. राजुरा मतदारसंघाचे उदाहरण समोर आहे. २०२४ मध्ये तेथे भारतीय जनता पक्षाचे देवराव भोंगळे यांना ७२,८८२ आणि काँग्रेसचे सुभाष धोटे यांना ६९,८२८ मते मिळाली. अंतर ३,०५४ मतांचे. तिसऱ्या स्थानावरील वामनराव चटप यांनीही ५५ हजारांवर मते घेतली. पुढे १८ सप्टेंबर २०२५ रोजी राहुल गांधी यांनी या मतदारसंघात ६,८५० बनावट नावे यादीत घुसविल्याचा आरोप केला. निवडणूक यंत्रणेने दिलेले उत्तर असे की, ऑक्टोबर २०२४ मध्ये आलेल्या ७,५९२ नव्या अर्जांपैकी ६,८६१ अर्ज पडताळणीत अवैध ठरले, ते फेटाळण्यात आले आणि १९ ऑक्टोबर २०२४ रोजी, म्हणजे मतदानाच्या महिनाभर आधीच, राजुरा पोलीस ठाण्यात गुन्हाही नोंदविण्यात आला.

अर्ज फेटाळले गेले ही यंत्रणेची जागरूकता झाली आणि तिचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. तथापि अवैध अर्जांची संख्या विजयाच्या अंतराच्या दुपटीहून अधिक होती, हे विसरून चालणार नाही. ते अर्ज कोणी केले, कोणासाठी केले, याचा छडा लावणे विजयी पक्षाच्याही हिताचे आहे. ज्याचा विजय निर्मळ आहे, त्याला तपासाचे भय कशाला असावे?

याच मतदारसंघात जिवती तालुक्यातील परमडोली, मुकदमगुडा, अंतापूर आदी १४ गावे येतात. महाराष्ट्र आणि तेलंगण या दोन्ही राज्यांनी त्यांवर हक्क सांगितल्यामुळे तेथील अनेकांची नावे दोन्हीकडच्या याद्यांत राहिली. दोष गावकऱ्यांचा नाही. दशकानुदशके सीमाप्रश्न लोंबकळत ठेवणाऱ्यांचा आहे. पण एकाच व्यक्तीने दोन मतदारसंघांत मत देणे कायद्याला मान्य नाही, आणि अटीतटीच्या लढतीत असे प्रत्येक मत वादाचे बीज ठरू शकते.

येथे एक भेद ध्यानात घेतला पाहिजे. यादीतील दोष आणि मोजणीतील दोष हे दोन वेगळे रोग आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. यादीवरील हरकत मतदानापूर्वी घ्यायची असते. मोजणीवरील आक्षेप मोजणीच्या मेजावर नोंदवायचा असतो. बेरजा जाहीर झाल्यानंतर आणि निकालपत्रावर स्वाक्षरी होण्यापूर्वी उमेदवाराला किंवा त्याच्या प्रतिनिधीला कारणे देऊन लेखी फेरमोजणी मागता येते, आणि निवडणूक निर्णय अधिकाऱ्याला आपला निर्णय लेखी कारणांसह द्यावा लागतो. एकदा निकाल जाहीर झाला की उरतो तो निवडणूक याचिकेचा मार्ग. विधानसभा व लोकसभेसाठी ती ४५ दिवसांत उच्च न्यायालयात दाखल व्हावी लागते. या तीन पायऱ्यांपैकी पहिल्या दोन चुकवून थेट पत्रकार परिषद गाठणाऱ्याच्या हाती न्यायालयात काहीच उरत नाही.

याचा प्रत्यय २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई वायव्य मतदारसंघात आला. यंत्रांवरील मोजणी संपली तेव्हा उद्धव ठाकरे गटाचे अमोल कीर्तिकर अवघ्या एका मताने पुढे होते. टपाली मतांत शिवसेनेचे रवींद्र वायकर यांना १,५५० आणि कीर्तिकर यांना १,५०१ मते मिळाली, आणि वायकर ४८ मतांनी विजयी झाले. नऊ लाखांहून अधिक मतांच्या या लढतीत ४८ मतांचा फरक म्हणजे एका वस्तीतील चार-सहा घरांचा कौल! आपल्या नावावर आधीच कोणी मत देऊन गेले असेल, तर खऱ्या मतदाराला स्वतंत्र मतपत्रिकेवर मत देता येते. त्याला प्रदत्त मत म्हणतात. असे ३३३ प्रसंग घडले, म्हणजे तेवढी तोतयांची मते मोजणीत धरली गेली, असा कीर्तिकर यांचा आक्षेप होता. न्यायमूर्ती संदीप मारणे यांनी १९ डिसेंबर २०२४ रोजी याचिका फेटाळली. आक्षेपामुळे निकाल प्रत्यक्षात कसा बदलला असता, हे दाखविणारी ठोस वस्तुस्थिती याचिकेत मांडलेली नाही, हे त्यामागील मुख्य कारण होते.

पराभूताला हा निर्णय कठोर वाटणे स्वाभाविक आहे. पण त्यामागील तत्त्व जुने आणि पक्के आहे. रामसेवक यादव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्येच सांगितले की, मतपत्रिकांची तपासणी मागणाऱ्याने आधी नेमकी वस्तुस्थिती मांडली पाहिजे. काही सापडते का हे पाहण्यासाठी मतपेट्या उघडता येणार नाहीत. मतदानाची गुप्तता हा त्यातील गाभा आहे. शहरातल्या मतदाराला या गुप्ततेचे मोल कदाचित जाणवणार नाही. ज्या पाड्यावर मत कोणाला दिले, यावरून जिवावर बेतू शकत होते, तेथील मतदाराला ते पुरेपूर ठाऊक आहे.

पण पुरावा नेमका असेल, तर न्यायालये हात आखडून बसत नाहीत. हरियाणातील पानिपत जिल्ह्यातल्या बुआना लाखू गावी २ नोव्हेंबर २०२२ रोजी सरपंचाची निवडणूक झाली आणि कुलदीप सिंह विजयी घोषित झाले. एका केंद्रावरील आकडे उमेदवारांच्या नावांपुढे चुकीचे लिहिले गेले, असे मोहित कुमार यांचे म्हणणे होते. वाद सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. न्यायालयाने यंत्रे दिल्लीत आणवून आपल्या प्रबंधक कार्यालयात चित्रीकरणासह फेरमोजणी करविली. मोहित यांची मते निघाली १,०५१ आणि कुलदीप यांची १,०००. ऑगस्ट २०२५ मध्ये मोहित सरपंच झाले. यंत्राने मते बरोबर मोजली होती. चूक माणसाच्या लेखणीची होती. न्याय मिळाला खरा, पण पाच वर्षांच्या कारकिर्दीतील पावणेतीन वर्षे उलटून गेल्यावर! त्या काळात गावाचा कारभार ज्याने पाहिला, त्याला गावाने निवडलेच नव्हते.

चंदीगडच्या महापौर निवडणुकीत याउलट घडले. ३० जानेवारी २०२४ ला बाद ठरविलेल्या ८ मतपत्रिका सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारीला वैध ठरवून निकाल फिरविला. ज्याच्या लेखणीने त्या मतपत्रिका बिघडल्या, तो पीठासीन अधिकारी भारतीय जनता पक्षाशी संबंधित होता, ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही. तीन आठवड्यांत न्याय होऊ शकतो, हा त्यातला धडा.

अमेरिकेतही २००० साली अध्यक्षपदाचा फैसला फ्लोरिडातील ५३७ मतांवर येऊन ठेपला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने १२ डिसेंबरला फेरमोजणी थांबविली आणि दुसऱ्या दिवशी अल गोर यांनी पराभव स्वीकारला. त्या निर्णयावर आजही वाद होतात; परंतु पाच आठवड्यांत देशाला निर्णय मिळाला. भारतात कोट्यवधी मतांची मोजणी एका दिवसात होते आणि वाद मात्र वर्षानुवर्षे रेंगाळतो. निवडणूक याचिका सहा महिन्यांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा, असे लोकप्रतिनिधित्व कायदा सांगतो. पण प्रयत्न म्हणजे बंधन नव्हे. इंदिरा गांधींच्या १९७१ च्या निवडीवरील राजनारायण यांच्या याचिकेचा निकाल लागायला १२ जून १९७५ उजाडावे लागले आणि त्यानंतर तेरा दिवसांत देशावर आणीबाणी लादली गेली. न्यायासनासमोर उत्तर देण्याऐवजी राज्यघटनेलाच वाकविण्याचा तो प्रयत्न राष्ट्रवादी विचारांच्या पिढीने तुरुंगवास सोसून परतविला. निवडणूक याचिका ही पराभूताची किरकिर नसून सत्तेला लगाम घालणारे घटनादत्त साधन आहे, हे त्या पिढीला वेगळे सांगावे लागत नव्हते.

त्याच पिढीचा आणखी एक अनुभव स्मरणात ठेवण्याजोगा आहे. १९७१ मध्ये दक्षिण दिल्लीतून पराभूत झालेले जनसंघाचे नेते बलराज मधोक यांनी मतपत्रिकांवर रासायनिक प्रक्रिया केल्याचा आरोप केला होता. सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मर्यादित तपासणीची मुभा दिली. आरोप सिद्ध झाला नाही. २००९ च्या पराभवानंतर मतदान यंत्रांवर शंका घेणाऱ्यांतही भाजपचे नेते होते. आज तीच शंका विरोधक घेतात. पराभवाच्या दिवशी यंत्र सदोष आणि विजयाच्या दिवशी निर्दोष, ही वृत्ती एका पक्षाची मक्तेदारी नाही. म्हणून विरोधकाच्या प्रत्येक याचिकेची टवाळी करणे जसे अयोग्य, तसेच न्यायालयात एकही पुरावा न देता संपूर्ण निवडणूक चोरल्याचा गजर करणेही अयोग्य. पहिल्याने न्यायाची वाट अडते, दुसऱ्याने मतदाराचा विश्वास झडतो. आणि विश्वास झडला, तर बहिष्काराचे फर्मान काढणाऱ्यांना जे बंदुकीने साधले नाही, ते आयतेच साधेल.

यासाठी काही गोष्टी तातडीने व्हायला हव्यात. अल्प मताधिक्याच्या निकालांवरील याचिकांसाठी उच्च न्यायालयांत स्वतंत्र न्यायपीठे नेमून सहा महिन्यांची मुदत खऱ्या अर्थाने बंधनकारक करावी. सिरोंचाच्या नागरिकाला नागपूर गाठायला तीनशेहून अधिक किलोमीटर जावे लागते. त्याच्या याचिकेला तारखांवर तारखा पडणे म्हणजे न्याय नाकारणेच होय. ग्रामपंचायतीचा वाद पंधरा दिवसांत दिवाणी न्यायाधीशाकडे नेण्याची तरतूद राज्याच्या कायद्यात आहे. मात्र तेथेही निकालाचा वेग वाढला पाहिजे, कारण गावातील निवडणुका दोन-चार मतांवर ठरतात आणि त्यातून उपजलेले वैर पिढ्यान्‌पिढ्या चालते.

उरलेले काम मात्र कार्यकर्त्याचेच आहे. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्षाकडून नमुना १७-सी ची प्रत मागून घेणारा, मोजणीच्या वेळी त्यातील एकूण मतांचा आकडा यंत्रावरील आकड्याशी ताडून पाहणारा, प्रदत्त मतांची संख्या टिपून ठेवणारा आणि तफावत दिसताच जागच्या जागी लेखी हरकत देणारा प्रतिनिधी हा लोकशाहीचा खरा राखणदार. सभेतील टाळ्या त्याच्या वाट्याला येत नाहीत. पण ४८ मतांच्या लढतीत त्याच्या वहीतील एक ओळ दहा सभांहून मोलाची ठरते. ही वही आपला उमेदवार जिंको वा हरो, सारख्याच प्रामाणिकपणे लिहिली गेली पाहिजे. घरातील सुशिक्षित तरुणांनी आणि निवृत्त मंडळींनी हे काम अंगावर घेतले, तर निम्मे वाद न्यायालयाच्या पायरीपर्यंत जाणारच नाहीत.

ज्या माणसाने जंगल ओलांडून, धमकी झुगारून मत दिले, त्याने आपल्या वाट्याचे काम चोख बजावले आहे. ते मत कोणाला पडले, हा प्रश्न गौण आहे. ते मोजले गेले की नाही, हा राष्ट्राच्या इभ्रतीचा प्रश्न आहे.