मागच्या जन्माचं येणं-देणं

मंडळी, या वयात मी फाशांच्या खेळावर लिहायला बसले आहे हे वाचून आमच्या घरातले काहीजण हसतील. हसू देत! ३५ वर्षं मुलांना मराठी शिकवलं. गोष्ट कुठे बिघडते ते मला कळतं, मग ती पुस्तकातली असो की टेबलावरची.

खेळ असा आहे. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, कोणी योद्धा, कोणी जादूगार, कोणी चोर. एक जण सूत्रधार. तो प्रसंग सांगतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात आणि एखादी गोष्ट जमली की फसली हे २० बाजूंच्या फाशावर ठरतं. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' काढला, तिथून ही परंपरा सुरू झाली. माझा नातू आणि त्याचे मित्र दर शनिवारी खेळतात. सगळ्यांनी मिळून बोलता बोलता रचलेली गोष्टच ती! वर्गात आम्ही नाट्यछटा करून घ्यायचो, त्याचंच हे भावंड. तेव्हा खेळाला माझा विरोध मुळीच नाही. माझं भांडण आहे त्यातल्या एका लाडक्या पात्राशी. पुनर्जन्म घेऊन आलेलं, मागचं सगळं आठवणारं पात्र.

नातवाच्या कपाटातली नियमांची जाडजूड पुस्तकं मी शब्दकोश शेजारी ठेवून वाचली. त्यात काय सापडलं ते सांगते.

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या चौथ्या आवृत्तीत, २००९ सालच्या एका पुस्तकात, 'देवा' नावाची जमात आहे. शब्द आपलाच. हे लोक पुन्हा पुन्हा जन्म घेतात. वाईट वागले तर पुढच्या जन्मी राक्षस होतात, तोही शब्द आपलाच. आणि हजार जन्मांच्या स्मृतीचा उपयोग काय? तर फासा टाकल्यावर आकडा आवडला नाही, की सहा बाजूंचा आणखी एक फासा टाकायचा आणि तो आकडा आधीच्यात मिळवायचा! हजार जन्म जगले, हजार वेळा मेले, त्याचं मोल एवढंच.

दुसरा खेळ 'पाथफाइंडर'. त्यात 'संसारन' नावाचे लोक आहेत, २०११ साली ते त्या खेळात आले. त्यांना गतजन्मांचे तुकडे आठवतात. नियम म्हणतो, त्याबद्दल कोणत्याही दोन कौशल्यांत अधिक दोन. पण त्याच पुस्तकात एक गोष्ट लिहिली आहे, ती वाचून मी थबकले. संसारन बाईला मूल होतं ते साध्या माणसाचं, आणि बहुतेक आया ते जन्मल्यावर लवकरच माणसांत वाढायला देऊन टाकतात. अहो, केवढी गोष्ट आहे ही! एक बाई अनेक जन्म आठवते, आणि प्रत्येक जन्मातलं दिलेलं मूल तिला आठवतं. त्याला आकडा नाही. आकडा आहे तो कौशल्याला.

खुद्द 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये मेलेल्या सोबत्याला नव्या देहात आणायचा मंत्र फार जुना आहे. १९७८ च्या नियमांत ड्रुइडाने, म्हणजे निसर्गपूजक पुरोहिताने, तो मंत्र टाकला तर तुमचा शूर योद्धा घुबड किंवा रानडुक्कर होऊन परत यायचा. त्यात निदान गंमत होती, काही गमावणं होतं. २०१४ च्या नियमांत १००० सोन्याच्या नाण्यांची दुर्मिळ तेलं खर्च केली की नवा देह मिळतो, आणि जुनी आठवण व जुनं कसब शाबूत राहतं.

थोडक्यात काय, तर बहुतेक ठिकाणी मागचा जन्म म्हणजे बँकेतली ठेव. खेळणारी मुलंही मग तसंच लिहितात. कोणी मागच्या जन्मी सम्राट, कोणी महान जादूगार, कोणी देवांशी लढलेला. कुंभार कोणीच नाही. सावकार होऊन कुणाचं शेत गिळलेला कोणीच नाही. सगळ्यांचं येणं आहे, देणं कुणाचंच नाही.

आमच्या नात्यातल्या काही थोरांचा आक्षेप वेगळा आहे. आपल्या धर्माची टवाळी चालवली आहे, म्हणतात. मला तसं वाटत नाही. शब्द प्रवास करतातच. नेलेत तर न्या, पण नुसता शब्द नेऊन त्यामागचा हिशेब इथेच टाकून गेलात, ही माझी तक्रार आहे.

आपल्याकडे मागचा जन्म आठवणाऱ्यांच्या गोष्टी काय सांगतात ते पाहा. भागवतातला भरत राजा राज्य सोडून वनात गेला आणि एका हरणाच्या पाडसात जीव गुंतवून बसला. पुढच्या जन्मी हरीण झाला, तेही सगळं आठवत. त्याच्या पुढच्या जन्मी माणूस झाला, तेव्हा पुन्हा गुंतायला नको म्हणून वेड्यासारखा राहिला. जडभरत म्हणतात तो हाच. त्याला राजाच्या पालखीला जुंपलं, तर पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून तो जपून पावलं टाकी आणि पालखीला हिसके बसत. आठवणीने त्याला दिलं काय? जपून पाऊल टाकणं.

महाभारतातली अंबा घ्या. पुढच्या जन्मीही तुला हे सारं आठवेल, असा वर शंकराने तिला दिला. तिची शिखंडी झाली. आठवण एकच, भीष्माकडून झालेला अन्याय. आणि ती आठवण एकट्या शिखंडीपुरती राहिली नाही, भीष्मालाही ती मानावी लागली, त्याने शस्त्र खाली ठेवलं.

आणि बाणभट्टाची 'कादंबरी'! सातव्या शतकातला हा ग्रंथ, ज्याच्यावरून मराठीत त्या साहित्यप्रकारालाच कादंबरी म्हणू लागले. शूद्रक राजासमोर पोपट आपल्या गतजन्मांची कहाणी सांगतो, आणि शेवटी राजाला कळतं की त्या कहाणीतला चंद्रापीड आपणच. आठवलं म्हणून त्याला आणखी एक राज्य मिळालं का? नाही. विरहाने तो झुरला आणि तो देह सोडून गेला. म्हणजे बघा, आमच्या कादंबरीच्या नावातच गतजन्माची आठवण आहे, आणि ती आठवण महाग पडते.

आता नातू म्हणतो, "अगं आजी, खेळ आहे तो! दिवसभर ऑफिसात मान खाली घालून काम केल्यावर दोन तास सम्राट झालो तर बिघडलं कुठे?" काही बिघडलं नाही. सम्राट हो की! पण या जन्मी हो, टेबलावर सगळ्यांसमोर फासे टाकून हो. खेळ सुरू होण्याआधीच जन्माच्या जोरावर अधिक दोन घेऊन बसू नकोस.

हे मला इतकं का लागतं, तेही सांगते. मी तालुक्याच्या गावी शिकवत होते तेव्हा वर्गात एक मुलगी होती. पोलिओने तिचा एक पाय वाळलेला. हुशार, अक्षर मोत्यासारखं. गावातल्या बायका तिच्यादेखत म्हणत, मागच्या जन्मीचं भोगतेय बिचारी. एकदा मधल्या सुट्टीत ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "बाई, मी काय केलं होतं हो?" मी तिला सांगितलं, "तू काहीही केलेलं नाहीस. हा एक आजार आहे, त्याची लस असते, ती तुला मिळाली नाही." तिला ते पटलं की नाही कोण जाणे. वर्गातल्या एका बाईंचा शब्द, आणि समोर अख्खं गाव.

जन्माच्या पुण्याईवर अधिक दोन लिहिणारी वही अशीच चालते. एकाच्या पानावर दोन अधिक लिहिले की दुसऱ्याच्या पानावर दोन उणे आपोआप उमटतात. वरच्या घरात जन्मला तो पूर्वपुण्याईने आणि गावकुसाबाहेर जन्मला तो पूर्वपापाने, हा हिशेब या देशात शेकडो वर्षं चालला. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'द बुद्धा अँड हिज धम्म' या त्यांच्या पश्चात १९५७ साली निघालेल्या ग्रंथात त्यांनी नेमकं यावर बोट ठेवलं आहे. गतजन्मीच्या कर्माकडे बोट दाखवलं, की गरिबाच्या हालांची जबाबदारी समाजाला झटकता येते. अमेरिकेतल्या नियमपुस्तक लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असेलच असं नाही. पण पुण्यात बसून ते पात्र खेळणाऱ्या आमच्या मुलांना ठाऊक असायला हवं की नको?

म्हणून माझं म्हणणं एका ओळीचं आहे. मागचा जन्म आठवायचाच असेल तर तो देणं म्हणून आठवावा, येणं म्हणून नव्हे. आणि देणंही फक्त स्वतःचं. दुसऱ्याची वही उघडायची नाही. समोरचं पात्र लंगडतंय ते मागच्या जन्मीच्या पापाने, असं टेबलावर कुणी म्हणालं तर सूत्रधाराने खेळ तिथेच थांबवावा.

"देण्याचे नियम कसे लिहिणार?" असं कोणी विचारेल. लिहिले गेले आहेत. २००१ साली आलेल्या 'एक्झाल्टेड' या खेळात सूर्याचे वीर पुन्हा जन्मतात, पण ज्या आदिशक्तींना त्यांनी मारलं त्यांचा मरतानाचा शापही जन्मोजन्मी त्यांच्याबरोबर येतो. ज्या सद्गुणाचा वीराला अभिमान, तोच विकृत होऊन त्याच्या डोक्यात चढतो आणि सोबत्यांना ते निस्तरावं लागतं. या खेळातही सामर्थ्य भरपूर आहे, पण त्याची किंमत नियमातच लिहिली आहे.

इतर खेळांतही हे जमेल, त्यासाठी नवं पुस्तक नको. तुमच्या पात्राला एखादं कुलूप उघडण्याचं कसब गतजन्मातून आलंय ना? मग ते हात कुणाचे होते? समजा, तुरुंगाच्या पहारेकऱ्याचे. आता सूत्रधाराला सांगून ठेवा, की ज्याचा आजा त्या कोठडीत मेला असा एक माणूस या गावात राहतो. अधिक दोन जरूर घ्या. पण घेतलेत की तो माणूस दारात उभा राहिला पाहिजे. त्याला काय उत्तर देणार, यावर गोष्ट सुरू होईल. कुलूप उघडलं की नाही हे सहा महिन्यांनी कुणाच्या लक्षातही राहणार नाही.

माझ्या वर्गात दर जूनला नवी मुलं यायची. आधीच्या बाई मला कानात सांगायच्या, हा मठ्ठ, तो उनाड, हिची आई अशी. मी म्हणायची, मला काही सांगू नका. मुलांना कोरी वही मिळाली पाहिजे. विसरणं ही निसर्गाने माणसाला दिलेली तशीच कोरी वही आहे. ती नाकारून मागचं आठवत यायचंच असेल, तर बाळांनो, पहिल्या पानावर ज्याचं देणं लागता त्याचं नाव लिहा. मग खुशाल फासे टाका.