वेढ्याबाहेरची माणसे

फिलिपाईन्समधील लुझोन बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर, सिएरा माद्रे पर्वताची रांग आणि पॅसिफिक महासागर यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत वसलेले बालेर हे गाव आज देशोदेशींच्या तरुणांना ज्ञात आहे ते तेथील लाटांमुळे. तेथील लोक ज्याला ‘अमिहान’ म्हणतात तो ईशान्येकडचा मोसमी वारा साधारणतः ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत महासागराच्या अफाट पाण्यावरून वाहत येतो आणि साबांगच्या करड्या वाळूवर एकामागून एक अशा लाटा आणून सोडतो की, नवशिक्याला त्यांवर फळी टाकून उभे राहण्याचे धैर्य व्हावे आणि कसलेल्या सर्फरने जवळच्याच सिमेंटो नावाच्या खडकाळ जागी आपले कसब पणाला लावावे. गेल्या हिवाळ्यात तेथे मुक्काम करण्याचा योग आम्हांस आला. आणि सहली नेणे, पाहुण्यांना स्थळ दाखविणे व त्या स्थळाची हकीकत सांगणे हाच ज्यांचा पेशा आहे अशा आमच्या वाचकांपुढे त्या गावाचे उदाहरण ठेवावे असे मनाने घेतले.

बालेरच्या लाटांची कीर्ती एका चित्रपटामुळे पसरली, ही गोष्ट तेथे पाऊल ठेवताच प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. 1976 साली फ्रान्सिस फोर्ड कपोला या दिग्दर्शकाने ‘अपोकॅलिप्स नाऊ’ या आपल्या चित्रपटातील व्हिएतनामी किनाऱ्यावरच्या हल्ल्याचा प्रसंग येथे चित्रित केला. त्यासाठी लागणारी हेलिकॉप्टरे फिलिपाईन्सच्या तत्कालीन मार्कोस सरकारच्या फौजेकडून मिळविली होती आणि बंडखोरांवरील मोहिमेची निकड पडली की चित्रीकरण अर्ध्यावर टाकून ती परत बोलावली जात. चित्रपटाची मंडळी निघून गेल्यावर त्यांच्या मागे राहिलेल्या फळ्यांवर गावची पोरे लाटांवर स्वार होण्यास शिकली, असे गावात सांगतात. ज्या जागी ते दृश्य घेतले तिला आजही ‘चार्लीज पॉइंट’ म्हणतात. परक्या देशातील युद्धाच्या देखाव्याने एका गावाला उपजीविकेचे साधन मिळवून द्यावे, ही घटना सांगण्याजोगी खरीच, आणि ती सांगणाऱ्यांना आम्ही मुळीच दोष देत नाही. परंतु बालेरमध्ये खरे युद्धही झाले होते आणि त्याची जागा किनाऱ्यापासून अगदी थोड्या अंतरावर, गावाच्या मध्यभागी आहे. तेथवर मात्र फळी घेऊन आलेल्या पाहुण्यांपैकी फारच थोडे पोहोचतात.

ती जागा म्हणजे सान लुईस ओबिस्पोचे चर्च. ते समुद्रकाठी नसून आत का आहे याचे उत्तरही लाटेतच आहे. 27 डिसेंबर 1735 रोजी समुद्राच्या एका महाभयंकर लाटेने किनाऱ्यालगतचे जुने गाव धुऊन नेले. जी थोडी कुटुंबे दक्षिणेकडच्या एर्मिता टेकडीवर चढून वाचली त्यांनी नवे गाव आतल्या बाजूस वसविले आणि चर्चही तेथेच उभे राहिले. आमच्या मते बालेरची हकीकत सांगण्यास याहून सोयीचा प्रारंभ नाही. सकाळभर लाटांशी झुंजून आलेल्या माणसाला लाटेचे सामर्थ्य निराळे समजावून द्यावे लागत नाही; त्याला टेकडीवर नेऊन उभे केले म्हणजे समुद्र, गाव आणि चर्च यांचा परस्परसंबंध त्याच्या आपोआप ध्यानी येतो.

आता या चर्चला पडलेल्या वेढ्याकडे वळू. 1898 च्या मे महिन्यात मनिलाच्या उपसागरात अमेरिकन आरमाराने स्पॅनिश आरमार बुडविले, 12 जूनला स्पेनच्या अंमलाविरुद्ध उठलेल्या क्रांतिकारकांचे पुढारी आगिनाल्दो यांनी फिलिपाईन्सचे स्वातंत्र्य जाहीर केले, आणि 30 जूनला बालेरच्या स्पॅनिश शिबंदीच्या गस्तीवर क्रांतिकारकांनी हल्ला चढविला. पन्नासांहून थोडे अधिक शिपाई चर्चमध्ये शिरले, त्यांनी दारेखिडक्या बुजविल्या, आवारात विहीर खणली आणि 337 दिवस तेथून हलण्यास नकार दिला. बाहेर जग पालटले होते. ऑगस्टमध्ये मनिला पडले. 10 डिसेंबरला पॅरिस येथे झालेल्या तहनाम्याने स्पेनने या बेटसमूहाचे राज्य दोन कोटी डॉलर घेऊन अमेरिकेच्या हवाली केले. पुढच्या फेब्रुवारीत त्या अमेरिकेशीच फिलिपिनो लोकांचे युद्ध जुंपले. ज्या राज्याचा झेंडा चर्चवर फडकत होता ते राज्य तेथे उरलेच नव्हते, आणि ही वार्ता देणारे प्रत्येक पत्र, प्रत्येक जासूद, प्रत्यक्ष स्पॅनिश अधिकारीदेखील, शत्रूचे कपट म्हणून आतले लोक परतवून लावीत होते. कोंदट भिंतींआड शिळ्या रसदीवर दिवस काढणाऱ्या त्या माणसांचा घास गोळ्यांपेक्षा बेरीबेरी या व्याधीने अधिक घेतला. धर्मगुरू, लेफ्टनंट आलोन्सो आणि खुद्द कप्तान लास मोरेनास हे तिघेही तिला बळी पडले, आणि नोव्हेंबरअखेर सेकंड लेफ्टनंट मार्तिन सेरेसो याच्या हाती सारा कारभार आला. अखेरीस पाठविलेल्या वृत्तपत्रांच्या चळतीत आपल्या एका मित्राची मालागा येथे बदली झाल्याची लहानशी बातमी त्याच्या दृष्टीस पडली. त्या मित्राचा हा बेत फक्त आपल्यालाच ठाऊक असल्यामुळे कोणी शत्रू तो रचू शकणार नाही, हे त्याला पटले, आणि 2 जून 1899 रोजी चर्चचे दार उघडले.

ही हकीकत ऐकताना अंगावर रोमांच उभे राहतात यात शंका नाही. परंतु ती ज्या स्वरूपात जगभर सांगितली जाते ते स्वरूप बहुतांशी सेरेसोने 1904 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकातून आलेले आहे. पाच वर्षांनी एका अमेरिकन लष्करी अधिकाऱ्याने त्याचे इंग्रजी भाषांतर केले, आणि पुढे स्पेनमध्ये त्या वेढ्यावर चित्रपटही निघाले. अर्थात तटाच्या आतून दिसलेले तेवढेच आपल्याला दिसते. 14 डिसेंबरच्या धाडीचेच पाहा. रोगाने खिळलेल्या डॉक्टर विहिल दे किन्योनेस यांनी हिरवा भाजीपाला मिळाल्याखेरीज कोणी जगणार नाही असे सांगितले, तेव्हा मूठभर शिपाई बाहेर पडले, त्यांनी चर्चलगतची घरे पेटवून दिली, वेढा मागे रेटला आणि भोपळ्याचे वेल व संत्री घेऊन ते परतले. त्यानंतर साथ ओसरली. आतल्यांच्या दृष्टीने हा पुनर्जन्म होता. पण ते भोपळे कोणाच्या परसातले होते? जळालेली घरे कोणाची होती? वेढा पडण्यापूर्वीच गाव सोडून गेलेली बालेरची कुटुंबे परतली तेव्हा त्यांच्या वाट्यास राख आली, हे सांगणारा मार्गदर्शक आम्हांस क्वचितच आढळला.

वेढा घालणारेही निनावी नव्हते. तेओदोरिको नोविसियो लुना हा बालेरचाच पुढारी होता. शरणागतीचा करार स्वीकारणारा सिमोन तेक्सोन बुलाकान प्रांतातून आलेला अधिकारी होता. वेढ्याच्या आरंभी बाहेरच्यांनी आत तंबाखूची भेट पाठविली होती आणि आतून शेरीच्या बाटलीने तिची परतफेड झाली होती. शिवाय आतले सारे एकदिलाने लढले असेही नव्हे: काही शिपाई पळून बाहेरच्यांना मिळाले, आणि पळण्याच्या आरोपावरून कैदेत ठेवलेल्या दोघांना सेरेसोने दार उघडण्याच्या आदल्याच दिवशी गोळ्या घालविल्या. अकरा महिने मृत्यूच्या छायेत वावरलेल्या त्या सेनानीचा न्याय करण्याचा अधिकार आमचा नव्हे. पण त्या दोघांना वगळून केलेले शौर्यवर्णन अपुरे आहे, आणि अपुरी हकीकत सांगण्याचे मूल्य पाहुण्याकडून घेणे आमच्या पेशाला शोभत नाही.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचे कार्यक्षेत्र कोकणचा किनारा आहे, म्हणून एक गोष्ट येथे स्पष्टपणे बोलणे आम्ही कर्तव्य समजतो. जंजिऱ्यास होडीतून पाहुणे नेताना आपण काय सांगतो? छत्रपतींच्या स्वाऱ्या, पद्मदुर्गाची उभारणी, संभाजीराजांनी खाडीत भर घालून सेतू बांधण्याचा केलेला उद्योग, आणि एवढे करूनही किल्ला हाती न आल्याची खंत. तेथे आपण वेढ्याबाहेरचे आहोत आणि बाहेरचीच कथा सांगतो. ज्यांनी तो किल्ला शतकानुशतके राखला आणि ज्यांचे संस्थान 1948 मध्ये विलीन होईपर्यंत टिकले त्या सिद्दींची माणसे आत कशी राहत, त्यांचे कारभारी, कोळी आणि रयत कोण होती, याविषयी आपल्या तोंडून चार वाक्येही निघत नाहीत. बालेरला जे आतून सांगितले जाते ते मुरूडला बाहेरून सांगितले जाते, उणीव एकच. मालवणास तर स्थिती आणखी चिंताजनक आहे, कारण तेथे समुद्रतळ पाहण्यास येणारे कित्येक तरुण सिंधुदुर्गाच्या तटासमोर पाण्यात उतरतात आणि तटाच्या आत पाऊल न टाकताच परततात.

त्यांना तेथवर आणणे अवघड नाही, असे बालेर पाहिल्यावर आमचे मत झाले आहे. जलक्रीडेचा काळ वारा आणि भरतीओहोटी ठरवितात. दुपारचे कित्येक तास पाहुणा रिकामा, थकलेला आणि काही ऐकण्यास उत्सुक असा असतो. सहलीच्या आखणीत ते तास खरेदी आणि झोप यांसाठी सोडून देण्याऐवजी टेकडी, चर्च आणि चौकातील संग्रहालय यांना द्यावेत, वाटेत बोलणे थोडके ठेवावे, आणि चर्चच्या भिंतीशी आल्यावर प्रथम पाहुण्याला बाहेरच उभे करून वेढा घालणाऱ्यांची बाजू सांगावी, मग आत न्यावे. आजची इमारत पुन्हा बांधलेली आहे हेही त्याच वेळी सांगून टाकावे. पाहुण्याला ते नंतर इतरांकडून कळले तर आपल्या उरलेल्या कथनावरचाही त्याचा विश्वास उडतो.

बाहेर पडलेल्या 33 शिपायांचे पुढे काय झाले, हे अवश्य सांगावे. आगिनाल्दो यांनी 30 जून 1899 रोजी तार्लाक येथून हुकूमनामा काढला की, या लोकांना युद्धकैदी न समजता मित्र समजावे आणि मायदेशी जाण्याचे परवाने द्यावेत. स्वतःचे प्रजासत्ताक दुसऱ्या साम्राज्याशी प्राणपणाने लढत असताना काढलेला तो हुकूम आहे. त्याच दिवसाच्या स्मरणार्थ, मूळचे बालेरचेच असलेले सिनेटर एदगार्दो आंगारा यांच्या प्रयत्नाने 2003 मध्ये कायदा होऊन 30 जून हा फिलिपाईन्स व स्पेन यांचा मैत्रीदिन ठरला. आपल्याकडून तिकडे सहली नेण्याचा विचार करणाऱ्यांनी या तिथीची नोंद घ्यावी. ती लाटांच्या मोसमात येत नाही. जूनअखेर अमिहान थांबलेला असतो आणि साबांगच्या किनाऱ्यावर फळीवाल्यांची गर्दी ओसरलेली असते. म्हणून हिवाळ्याच्या सहलीखेरीज इतिहासाची आवड असलेल्यांसाठी एक लहानशी सहल जूनच्या शेवटच्या आठवड्यात स्वतंत्रपणे आखावी, अशी आमची सूचना आहे. ती पाऊस व वादळांचा अंदाज घेऊन, मनिलाहून डोंगर ओलांडणाऱ्या रस्त्यासाठी एक दिवस हाताशी राखून आखावी, आणि बालेरमधील स्थानिक मार्गदर्शकांना आगाऊ कळवूनच न्यावी.