झोपेचं सोंग घेणारे डबे

रात्री टीव्ही बंद केल्यावर तासाभराने सेट-टॉप बॉक्सवर हात ठेवून पाहा. दिवा लाल, डबा मात्र बऱ्याच घरांत कोमटच. मी भोसरीत पाण्याच्या मीटरचं फर्मवेअर लिहितो, त्यामुळे ही ऊब मला खटकते.

आमच्या मीटरला विजेची जोडणी नसते. पेन्सिल सेलएवढ्या, साधारण 2,400 मिलिअँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीवर त्याने 10 वर्षं काढायची. म्हणजे सरासरी 27 मायक्रोअँपिअर. जागा प्रोसेसर काही मिलिअँपिअर खातो, तेव्हा त्याला झोपवण्यावाचून गत्यंतर नाही. झोपताना त्याचं मुख्य घड्याळ थांबतं. चालू राहतो तो 32,768 हर्ट्झचा क्वार्ट्झ (15 वेळा निम्मा केला की सेकंदाला बरोबर एक ठोका) आणि पिनांवर लक्ष ठेवणारं एक चिमुकलं सर्किट. वाड्यात सगळे घोरत असले तरी कडी वाजताच आजीला जाग यायची, तसं ते. मीटरमधलं चुंबक फिरून रीड स्विच मिटला की पिनवरचा व्होल्टेज पडतो, इंटरप्ट जातो, प्रोसेसर काही मायक्रोसेकंदांत उठतो, आकडा एकाने वाढवतो आणि पुन्हा आडवा.

खरी परीक्षा पुढे आहे. आपल्या कितीतरी गावांत पाणी दिवसाला तास-दोन तास. पाणी थांबताना चुंबक नेमकं स्विचसमोर अडकलं, तर उरलेला दिवसभर पिनचा व्होल्टेज वर धरणाऱ्या पुल-अप रेझिस्टरमधून वीज गळत राहते. तिथे 10 किलोओहम लावला असेल तर 3.6 व्होल्टला 360 मायक्रोअँपिअर. अशीच गळत राहिली तर बॅटरी वर्षही काढणार नाही. 1 मेगाओहम लावला की 3.6 मायक्रोअँपिअर. फरक एका रेझिस्टरचा, किंमत तीच.

भिंतीतल्या प्लगवर चालणाऱ्या डब्यासाठी एवढा जीव कोण काढणार? बिल ग्राहकच भरतो ना! स्टँडबायमध्ये 10 वॅट आणि दिवसाचे 20 तास धरले, तर वर्षाला 73 युनिट झाली, कुणी काही न पाहता. चॅनेलची यादी, सबस्क्रिप्शनचे संदेश रात्री येतात म्हणून डबा जागा ठेवावा लागतो, असं सांगतात. मग टायमर लावा, पहाटे उठवा, काम झालं की झोपवा. रिमोटचं बटण ऐकायला इन्फ्रारेड रिसीव्हरला एक मिलिअँपिअरसुद्धा पुरून उरतो. बोर्डाचं बटण बंद करा, हा सल्ला मला देऊ नका. सकाळी डबा सुरू होईपर्यंत आईच्या बातम्या बुडतात आणि बोलणी मला बसतात.

युरोपीय संघाने 2013 पासून बहुतेक साध्या घरगुती उपकरणांच्या स्टँडबायला अर्ध्या वॅटची मर्यादा घातली. आपण फ्रिज-एसी घेताना तारे मोजतो. सेट-टॉप बॉक्स आणि राउटरच्या खोक्यावरही स्टँडबायचे वॅट ठळक छापायला लावा. आकडा मात्र कंपनीने प्रयोगशाळेत नटवून ठेवलेल्या नमुन्याचा नको, दुकानातून उचललेल्या डब्याचा हवा.