मळीतली साखर : आधी हिशेब, मग यंत्र



मळीत साखर राहते ती सोडायची कशाला, हा आपला प्रश्न रास्त आहे. बीटच्या मळीतून साखर काढणारी यंत्रे परदेशात चालू आहेत. पद्धतीचे मूळ पेटंट अमेरिकेत १९६१ साली मिळाले.

रेझिन भरलेल्या टाक्या साखळीने जोडतात. दारे धरताना वाफा जागेवर राहतो, पाणी वळते. तसेच इथे रेझिन जागेवर राहते, मळी-पाण्याची दारे टाकीमागून टाकी सरकतात. आधी क्षार निघतात, मग साखर, शेवटी ग्लुकोज-फ्रुक्टोज.

पण उसाच्या मळीत ग्लुकोज-फ्रुक्टोज बीटपेक्षा पुष्कळ. म्हणजे दोन नव्हे, तीन वाटे करायचे. त्याआधी मळी गाळून चुन्याचा अंशही काढायचा. पाणी जास्त सोडले तर ते आटवायला वाफ, म्हणजे आपला बगॅस जळणार. कमी सोडले तर वाटे एकमेकांत मिसळणार. शिवाय मळीतली साखर वाया कुठे जाते? आसवनीत तिचाच अल्कोहोल होतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत : आधी वाफेचा हिशेब मांडा, मगच सभासदांच्या ठेवीला हात लावा. आणि तोडलेला ऊस शिळा न होता गव्हाणीत पडू द्या. त्याने मळीत जाणारी साखर पोत्यात येईल. त्याला पेटंट लागत नाही.